पाकिटावरचं हृदय

सोफेवाल्याला बोलायची सवय नव्हती, आणि त्याला कारणही तसंच होतं. काम करताना त्याच्या तोंडात खिळे असत. बारीक, चपट्या डोक्याचे खिळे चिमूटभर तोंडात टाकायचे, जिभेनं एकेक वळवून डोकं ओठांशी आणायचं, चुंबकाच्या हातोडीनं तो उचलायचा आणि ताणलेल्या कापडावर ठोकायचा. बापाकडून आलेली रीत. आता बाजारात नुसतं दाबलं की पिना मारणारी यंत्रं मिळतात, पण त्याचा हात हातोडीवरच बसलेला. तोंडात खिळे असलेला माणूस गिऱ्हाइकाशी काय कपाळ बोलणार? ते खातं बायकोकडे होतं. ती दुकानाच्या दारात स्टुलावर बसायची, कापड दाखवायची, भाव करायची, काम लांबलं तर गिऱ्हाइकाला गोड बोलून वाटेला लावायची. नवऱ्यानं मध्येच काही बोलायला तोंड उघडलं की म्हणायची, "तुम्ही गप्प बसा हो. एखादा खिळा गिळाल आणि मला विधवा कराल."

शेवटी गेली तीच. आधी साखर वाढली, मग मूत्रपिंडं गेली, मग डायलिसिसच्या फेऱ्या सुरू झाल्या, आणि एक दिवस डॉक्टर म्हणाले, आता नको. त्याला वर्ष होत आलं होतं. आता गिऱ्हाईक आलं की सोफेवाला खिळे तळहातावर काढून घ्यायचा, दोन शब्द बोलायचा आणि पुन्हा तोंडात टाकायचा. अर्धी गिऱ्हाइकं तेवढ्यात निघून जायची.

अशा माणसाला सरकारी समितीपुढे बोलायला उभं करायचं, ही कल्पना चिमणीची.

चिमणी म्हणजे रुग्णमैत्री मंचाची मुलगी. डायलिसिसच्या खोलीत भेटलेली. माणसं मशीनला जखडून पडलेली असायची, ही एकेकाच्या उशाशी बसून अखंड बोलत राहायची. सोफेवाल्याच्या बायकोनं पहिल्याच दिवशी तिला चिमणी हे नाव देऊन टाकलं. यांना मूलबाळ नव्हतं. शेवटी शेवटी बायको नवऱ्याआधी चिमणीची वाट बघायची. पायावरचं पांघरूण घसरलं की चिमणी ते ओढून द्यायची, ओठ सुकले की ओल्या कापसानं पुसायची. बायको गेल्यावरही चिमणीनं येणं सोडलं नाही. दर आठवड्याला दुकानात डोकवायची, काका जेवलात का, विचारायची. मंचाचा खर्च कोण चालवतं, हे सोफेवाल्यानं कधी विचारलं नव्हतं. तहानेला पाणी देणाऱ्याला कोणी विहीर कुठली म्हणून विचारत नाही.

"दोनच वाक्यं बोलायची, काका," चिमणी म्हणाली. ती दुकानात बायकोच्या स्टुलावर बसली होती.

सोफेवाल्यानं खिळे हातावर घेतले. "कशाबद्दल?"

चिमणीनं सांगितलं. सरकार एक नियम आणू बघत होतं. ज्या थंड पेयात साखर जास्त, त्याच्या पाकिटावर दर्शनी बाजूला मोठा काळा गोल छापायचा. तब्येतीला चांगलं अशी जी चिन्हं असतात ती काढून टाकायची. पेयं बनवणाऱ्या कंपन्यांना हा नियम नको होता. समिती सगळ्यांचं ऐकून घेणार होती.

"मग कंपन्यांनी बोलावं. माझं काय काम?"

"ते टाय लावून बोलले की सगळे घड्याळं बघतात. तुमचं ऐकतील. तुम्ही भोगलंय. आणि तुम्हाला नवीन काही बोलायचं नाहीच. काकू म्हणायच्या तेच सांगायचं. चूक माझीच होती, मला माझी जीभ आवरली नाही, दुसऱ्याला कशाला दोष द्या."

हे बायको म्हणायची, यात खोटं काही नव्हतं. शंभरदा म्हणाली असेल.

तेवढ्यात धाकटी डबा घेऊन आली. धाकटी म्हणजे त्याची मेहुणी, बायकोची पाठची बहीण. दोन गल्ल्या सोडून राहायची. बहीण गेल्यापासून भाऊजींचा दुपारचा डबा तिच्याकडून यायचा, आणि डब्याबरोबर चार शब्दही यायचे.

"भाऊजी समितीपुढे?" ती म्हणाली. "लग्नात नाव घ्यायला सांगितलं तेव्हा शेजारी घाम पुसत उभे होते. नाव शेवटी ताईनंच घेतलं, दोघांच्याही वाटचं."

"पण काकू म्हणायच्या ते खरंच ना, मावशी?" चिमणीनं विचारलं.

धाकटीचं हसू कमी झालं. "खरंच. किती डोकं फोडलं मी तिच्यापुढे. समोर काही खायची नाही. मग साखर आभाळाला कशी भिडायची? चोरूनच खात असणार. माणसाची जीभ वाईट."

सोफेवाल्यानं हो म्हटलं. नियम त्याला कळला म्हणून नाही. वर्षभर न चुकता येणाऱ्या पोरीनं पहिल्यांदा काहीतरी मागितलं होतं.

सरावाला चिमणी दुसऱ्याच दिवशी हजर झाली. दुकानात मधोमध एक जुना सोफा पडला होता, कापड उसवलेला, स्प्रिंगा उघड्या पडलेला.

"समजा हा सोफा म्हणजे समिती," चिमणी म्हणाली.

"याला पाय नाहीत. काढून ठेवलेत."

"समितीला पण नसतात, काका. पुढे सरकतच नाही. चला, बोला."

तो बोलला. मी सोफे दुरुस्त करतो, माझी बायको मधुमेहानं गेली, इथवर गाडी बरी आली. मग ते वाक्य आलं की तिथेच अडायची. "ती म्हणायची, चूक माझी..." आणि पुढे शब्दच फुटेना. चिमणीनं चिडवलं, समजावलं, स्वतः म्हणून दाखवलं. पण तिच्या तोंडी ते वाक्य आणखी वाईट वाटलं. शेवटी सोफेवाला कंटाळून उठला. "थांब. घसा सुकला. तुलाही काहीतरी देतो."

दुकानाच्या मागेच त्याची खोली. तिथून तो दोन पेले भरून घेऊन आला. फळांचा ज्यूस, लालसर, गार. या घरात आल्यागेल्याला तोच दिला जायचा. बायकोनं चहा बंद केला तेव्हापासूनची पद्धत, आणि ती गेली तरी त्यानं मोडली नव्हती.

चिमणीनं पेल्याकडे बघितलं आणि हात मागे घेतला. "नको, काका. मी हे पीत नाही."

"का गं? सर्दी झालीये?"

"सर्दी कसली. केवढी साखर असते यात. एका पेल्यात दिवसभराची..." आणि ती थांबली.

चिमणीला बोलता बोलता थांबलेलं सोफेवाल्यानं आजवर पाहिलं नव्हतं.

"यात कशी साखर असेल?" तो म्हणाला. "यावर हृदय आहे."

तिला खरं वाटत नसेल म्हणून तो आत गेला आणि पाकीट घेऊन आला. पाकिटावर पुढे फळांचं चित्र, आणि वरच्या कोपऱ्यात ठसठशीत लाल हृदय, त्याला गोल कडं. दवाखान्यात डॉक्टरांच्या दाराशेजारी याच हृदयाचा मोठा कागद भिंतीवर चिकटवलेला होता. हे चिन्ह बघूनच निवडा, असं त्यावर लिहिलेलं. बायकोनं ते वाचलं होतं. दवाखान्याच्याच भिंतीवर आहे, मग डॉक्टरांना वेगळं काय विचारायचं? त्याच दिवशी येताना तिनं दोन पाकिटं घेतली होती.

"हे हृदय कोण देतं?" त्यानं विचारलं.

"एक ट्रस्ट आहे."

"डॉक्टरांचा?"

"डॉक्टर आहेत त्यात." चिमणी जमिनीकडे बघत होती. "यात चरबी नाही ना, काका. चरबी नसली की हृदय मिळतं. साखर त्यात धरत नाहीत. आणि ट्रस्टला देणग्या... कंपन्या देतात."

"आणि तुमच्या मंचाला?"

"त्याच."

तो उघड्या सोफ्यावर बसला. स्प्रिंग करकरली. चिमणी हळूच म्हणाली, "काकू हे प्यायच्या?"

"चहा सोडल्यापासून. सकाळी एक पेला, संध्याकाळी एक. औषध घ्यावं तशी. गोड सोडलं, केक सोडला, फळंसुद्धा मोजून खायची. हे मात्र चुकवायची नाही."

"मला कधी बोलल्या नाहीत."

"तू भेटलीस तेव्हा तिला पाणीसुद्धा घोटाघोटानं मिळायचं. तुला काय सांगणार?"

चिमणीनं पिशवी उचलली. ती पायरी उतरून गेली. दोन्ही पेले तसेच राहिले.

त्या दिवशी सोफेवाल्याचं कामात लक्ष लागलं नाही. कापड तिरकं ताणलं गेलं, उसवलं, पुन्हा ताणलं. डोक्यात डॉक्टरांची खोली होती. प्रत्येक वेळी डॉक्टर रिपोर्ट बघायचे आणि विचारायचे, गोड खाता का? ती म्हणायची, नाही. डॉक्टर हसायचे. वाईट माणूस नव्हता. म्हणायचे, ताई, सगळे असंच म्हणतात, जीभ आवरा. ती मान खाली घालून बाहेर यायची आणि घरी आल्यावर आणखी एक पदार्थ बंद करायची. सुरुवातीला वाद घालायची, की मी खरंच खात नाही. मग वाद थांबले. रिपोर्ट खोटा कसा बोलेल, म्हणायची. मीच कुठेतरी चुकत असणार.

एकदा तर तिनं त्याला विचारलं होतं, "अहो, मी झोपेत उठून काही खाते का? जरा लक्ष ठेवाल?"

तो हसला होता, पण ती हसली नव्हती. म्हणून त्यानं खरंच काही रात्री जागून पहारा केला. ती कूस बदलायलाही उठली नाही. सकाळी त्यानं सांगितलं, तू काही खात नाहीस. तर ती म्हणाली, "मग तुम्हाला डुलकी लागली असेल."

ज्या बाईनं इतकं सोडलं, ती जीभ आवरली नाही असं म्हणत गेली. आणि तेच वाक्य आता नवऱ्यानं समितीपुढे म्हणायचं होतं. सोफेवाल्याला राग नेमका कोणाचा करावा ते कळेना. चिमणीचा करावा, तर डोळ्यांपुढे ओला कापूस यायचा.

दोन दिवसांनी सकाळी चिमणी आली. तो दुकानाची फळी उघडत होता तेव्हाच आली, आणि पायरीवरच उभी राहिली.

"समितीकडे नावं गेली आहेत, काका. तुमचंही आहे. काढायचं तर दुपारपर्यंत काढता येईल."

"नको काढू."

"मग काय..." तिनं हात वर केला. "नाही, सांगू नका. मला माहीत असलं की मला ऑफिसात सांगावं लागेल."

"तुझ्या नोकरीचं काय होईल?"

"ते मी बघेन. मला विचारलं तर म्हणेन, मला ठाऊक नव्हतं. खोटं तरी होणार नाही."

"बस तरी घटकाभर."

"आज नको," ती म्हणाली. मग वळून म्हणाली, "काका, ते वाक्य ऑफिसात मीच सांगितलं होतं. काकू किती समजूतदार आहेत म्हणून सांगितलं होतं. देवाशप्पथ."

"माहीत आहे," सोफेवाला म्हणाला. आणि त्याला ते खरंच माहीत होतं.

समितीची खोली लांबलचक होती. समोर टेबलामागे पाच-सहा माणसं, मधोमध अध्यक्षीणबाई, कडेला टंकलेखिका. खुर्च्या चांगल्या होत्या, पण बैठकीचा फोम दबलेला होता. सोफेवाल्यानं बसता बसताच ओळखलं. पुढच्या दोन रांगांत कंपन्यांच्या संघटनेची माणसं. त्यांच्यातला एक जण आधी बोलला. गोड बोलला. म्हणाला, आमचा लोकांच्या शहाणपणावर विश्वास आहे, लोक काही कुक्कुलं बाळ नाहीत, काय प्यायचं ते त्यांनी ठरवावं. मग एक दुकानदार बोलला, मग नियमाच्या बाजूनं एक प्राध्यापक बराच वेळ बोलले. मग सोफेवाल्याचा पुकारा झाला.

चिमणी भिंतीला टेकून उभी होती. तिच्याकडे बघायचं नाही, असं त्यानं ठरवलं होतं.

"मी सोफे दुरुस्त करतो," तो माईकमध्ये म्हणाला. स्वतःचा आवाज ऐकून दचकला आणि जरा मागे सरला. "आमच्याकडे बोलायचं काम बायकोचं होतं. ती असती तर तिनं नीट सांगितलं असतं. ती मधुमेहानं गेली. ती म्हणायची, चूक माझी, मी जीभ आवरली नाही. हे सांगायलाच मला इथे बोलावलंय."

पुढच्या रांगेत कोणीतरी मान डोलावली.

"ती असं म्हणायची, हे खरं. पण ती चुकीचं म्हणायची. तिनं सगळं सोडलं होतं. चहासुद्धा. फक्त एक ज्यूस प्यायची, कारण त्यावर हृदय होतं. आम्हाला वाटलं, हृदय आहे म्हणजे आजारी माणसासाठीच असणार. मीच पाकिटं आणायचो."

खोलीत थोडी चुळबुळ झाली. संघटनेचा वकील उठला. त्यानंही आवाज मऊ ठेवला होता. "काका, तुमच्या दुःखात आम्ही आहोत. पण साखर किती, ते पाकिटाच्या मागे छापलेलं असतं. हे खरं ना?"

"खरं. मागे असतं."

"मग?"

सोफेवाल्यानं जरा विचार केला. "साहेब, सोफ्याची पाठ भिंतीला लागते, म्हणून मागच्या बाजूला मी स्वस्तातलं कापड लावतो. गिऱ्हाईक कधी मागे जाऊन बघत नाही, हे मला ठाऊक असतं. तुम्हालाही असणारच."

कोणीतरी हसलं. अध्यक्षीणबाईंनी ओठ दाबले. वकील खाली बसला.

"म्हणजे तुम्ही नियमाच्या बाजूनं आहात?" बाईंनी विचारलं.

"नियम मी वाचलेला नाही, बाई. कापडावर बोटाएवढा काळा डाग दिसला तर अख्खा तागा परत पाठवणारी बाई होती ती. पाकिटावर काळा गोल दिसता तर तिनं हात लावला नसता. एवढंच मला सांगता येईल." मग तो टंकलेखिकेकडे वळला. "ते लिहिलं का?"

"सगळं नोंदवलं जातंय," अध्यक्षीणबाई म्हणाल्या.

"तिची चूक नव्हती. तिची जीभ तिच्या ताब्यात होती. एवढं वाचून दाखवा, म्हणजे मी जातो."

टंकलेखिकेनं बाईंकडे बघितलं. बाईंनी मान हलवली. मग तिनं बाजारभाव वाचावेत तशा सुरात वाचलं, "साक्षीदाराच्या पत्नीची चूक नव्हती. तिची जीभ तिच्या ताब्यात होती."

"हं," सोफेवाला म्हणाला, आणि माईकपासून बाजूला झाला.

नियमाचं त्या दिवशी काहीच ठरलं नाही. समितीनं आणखी अभ्यासासाठी मुदत मागून घेतली. बाहेर व्हरांड्यात संघटनेची माणसं एकमेकांच्या पाठीवर थाप मारत होती. त्यांना मुदतच हवी होती. प्राध्यापक रिकाम्या बाकावर एकटेच बसून चष्मा पुसत होते.

चिमणी पायऱ्यांवर भेटली. "उद्या ऑफिसात बोलावलंय," ती म्हणाली. "रागावलात?"

"ती असती तर तुला आधी जेवायला घातलं असतं, मग रागावली असती. मला रागवायचं कसं ते कळत नाही. चल, जेवायला तरी चल."

धाकटीनं आपल्या घराचं दार उघडलं. भाऊजींबरोबर चिमणीला बघून म्हणाली, "काय, दोघं मिळून सरकार पाडून आलात?" मग तिला भाऊजींचा चेहरा दिसला आणि ती दारातून बाजूला झाली.

त्यानं तिला सगळं सांगितलं. ज्यूस, हृदय, ट्रस्ट. फार बोलावं लागलं. धाकटी मध्ये मध्ये थांबवून पुन्हा विचारायची. चरबी नाही म्हणून हृदय, हे तर तिनं तीनदा विचारलं. शेवटी ती खुर्चीवर बसली.

"मी तिचं कपाट धुंडाळलं होतं," ती म्हणाली. "बिस्किटं लपवली असतील म्हणून. ती समोर उभी होती. काही बोलली नाही. नुसती घड्या घालत राहिली, मी विस्कटलेल्या कपड्यांच्या."

चिमणी उठून तिच्याजवळ गेली आणि खुर्चीशेजारी जमिनीवरच बसली.

"मीही पहारा केला होता," सोफेवाला म्हणाला. "रात्री. झोपेत उठून खाते का, ते बघायला. तिनंच सांगितलं होतं."

"काय लिहिलंय म्हणालात सरकारी कागदावर?"

"तिची चूक नव्हती. तिची जीभ तिच्या ताब्यात होती."

"वाचून दाखवलं?"

"सगळ्यांपुढे."

धाकटीनं हातांनी चेहरा झाकून घेतला. चिमणीनं तिच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि तो तिथेच राहू दिला. बऱ्याच वेळानं धाकटीनं हात खाली घेतले. आवाज बसला होता.

"पहारा करताना कशी दिसायची हो ती?"

सोफेवाल्याला आठवायला वेळ लागला नाही. "गालाखाली हात घालून झोपायची. एक पाय पांघरुणाबाहेर. मी आत घातला की परत बाहेर."

"लहानपणापासून तशीच," धाकटी म्हणाली. "आम्ही एका अंथरुणात झोपायचो. थंडगार पाऊल माझ्या पोटरीला लावायची." ती उठली आणि ताटं घ्यायला आत गेली. आतूनच तिनं विचारलं, "आणखी सांगा. बोलायची झोपेत?"

"कधी कधी."

"काय म्हणायची?"

चिमणीनंही मान वर केली. सोफेवाला खुर्ची पुढे ओढून बसला, आणि सांगू लागला.